पंजाला नखं किती? चिनी राजघराण्याच्या भांड्यांवरचा ड्रॅगन

रांजणखळगा

२०२२ च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळ फाँतेनब्लोला एक चिनी फुलदाणी लिलावात निघाली. गोल पोट, सरळ उंच मान, पांढऱ्यावर निळ्या रंगात ढग आणि ड्रॅगन. लिलाववाल्यांच्या तज्ज्ञानं ती विसाव्या शतकातली ठरवून दीड-दोन हजार युरोंचा अंदाज दिला होता. बोली थांबली ७७ लाखांवर. कमिशन धरून आकडा ९१ लाख युरोंच्या पुढे गेला. घेणाऱ्यांच्या मते ती अठराव्या शतकातली होती. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला आणि त्याचं काम गेलं.

ही बातमी निघाली की मागोमाग एक फॉरवर्ड येतोच: पाच नखं असली तर सम्राटाचं भांडं, चार असली तर सरदाराचं किंवा कोरियाचं, तीन असली तर जपानचं. नुकताच पुन्हा आला, म्हणून हा धागा. नियम खोटा नाही, पण असा घाऊक वापरला तर दिशाभूल करतो.

सुरुवात मंगोलांपासून करू. चीनवर राज्य करणाऱ्या त्यांच्या युआन दरबारानं १३१४ मध्ये कोणी काय ल्यावं-वापरावं याचे नियम काढले. त्यात सामान्य लोकांना ड्रॅगन वर्ज्य केला आणि ड्रॅगन म्हणजे काय तेही सांगून टाकलं: पाच नखं आणि दोन शिंगं असलेला तो. कायद्यात व्याख्या आली की पळवाटही आलीच. एक नख कमी काढलं की कायद्याच्या लेखी तो ड्रॅगनच नाही!

याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये उभा आहे. डेव्हिड व्हाझेस म्हणून ओळखली जाणारी जोडी, उंची ६३ सेंटिमीटरच्या थोडी वर, कानांच्या जागी हत्तीची मुंडकी. मानेवर निळ्या अक्षरांत लेख आहे. युशान परगण्यातल्या झांग वेनजिन नावाच्या भाविकानं १३५१ मध्ये एक धूपदान आणि फुलदाण्यांची ही जोडी देवळाला वाहिली, घरच्यांना सुखशांती लाभो म्हणून. तो ना सम्राट, ना राजपुत्र. तरी पोटावर लांबलचक ड्रॅगन ढगांतून चाललाय, आणि त्याच्या पंजांना नखं चार.

त्याच काळातली दुसरी वस्तू यांगझोऊच्या संग्रहालयात आहे. गर्द निळ्या झिलईवर पांढरा ड्रॅगन, रुंद खांद्याची निमुळती सुरई. हिच्या जातीच्या जगात तीनच माहीत आहेत. बाकीच्या दोन पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आणि बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात. यांगझोऊची सगळ्यांत मोठी. या ड्रॅगनला नखं तीन, आणि जपानशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मिंग काळात (१३६८ ते १६४४) पाच नखांचा पंजा दरबारी भांड्यांवर पक्का बसला. श्वेनदे सम्राटाच्या वेळचा (१४२६ ते १४३५) पंजा बघा: पाचही नखं चक्राच्या आऱ्यांसारखी चहूकडे फाकलेली. चार नखांचे प्राणी दरबारातल्या बाकीच्यांच्या वाट्याला. आपल्याकडे गाडीवरचा लाल दिवा होता ना, तसं काहीसं. गाडी तीच, रस्ता तोच, दिवा कोणाला लावता येतो एवढाच प्रश्न.

आणि दिवा काढूनही घेता यायचा. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये श्वेनदेच्या शिक्क्याचं लाखेचं कोरीव टेबल आहे. भांडं नाही, पण मुद्दा तोच. त्याच्यावरच्या ड्रॅगनांचं प्रत्येक पंजातलं एकेक नख खरवडून टाकलंय. टेबल राजवाड्याबाहेर पडलं तेव्हा ड्रॅगनची पायरी उतरवली, असं मानतात. लाकडावरच्या लाखेवर हे जमतं. भट्टीतून निघालेल्या झिलईखालचं नख खरवडायला गेलं तर भांड्याचं रूपच जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या भांड्यांवरचा ड्रॅगन हा वाटपाचा ऐवज होता. कोणाला किती आणि कुठल्या रंगाचा, हे ठरलेलं. त्याचा दरारा त्या वाटपातून आला. बोला.

चिंचेचं_बन

वाचतेय. रंगाचं काय ते जरा खुलासेवार येऊ द्या.

शाईदौत

माहिती उत्तम, पण क्षमा करा, तुम्ही ड्रॅगनला मंत्रालयातला शिपाई करून टाकलंत. चिनी ड्रॅगन हा मुळात पाण्याचा आणि पावसाचा. त्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दकोशात लिहिलंय की तो वसंत संपाताला आभाळात चढतो आणि शरद संपाताला डोहात उतरतो. शिंगं हरणाची, मान सापाची, खवले माशाचे, नखं गरुडाची, तळवे वाघाचे, अशी ती नऊ साम्यांची यादी. कार्प मासा धबधब्यावरून उडी मारून 'ड्रॅगनद्वार' ओलांडतो आणि ड्रॅगन होतो. सरकारी परीक्षा पास होणाऱ्याला ही उपमा द्यायचे. ही सगळी श्रीमंती सोडून नखं मोजत बसायचं?

हिशेबनीस

शाईदौत, मोजायचंच तर खवले मोजा. ८१ असतात म्हणे, नऊ नवे ८१. विषम अंक पुरुषतत्त्वाचा आणि नऊ त्यांतला सगळ्यात मोठा. काही ठिकाणी ८१ आणि ३६ मिळून ११७ असंही वाचलंय. भांड्यावर कोणी मोजून पाहिलेत का?

रांजणखळगा

शाईदौत, पावसाचं अगदी मान्य. पण तोच धागा पुढे ओढा. पाऊस वेळेवर पडला नाही तर जाब कोणाला? सम्राटाला. अवर्षणात यज्ञयाग, प्रार्थना त्याच्याच गळ्यात. ज्याच्याकडे पावसाची जबाबदारी त्यानं पावसाचा प्राणी आपल्या मुठीत ठेवला. प्रतीकात जीव होता म्हणून तर त्याची मक्तेदारी करावीशी वाटली. तुमचं आणि माझं भांडण नाहीच.

हिशेबनीस, खवल्यांचं उत्तर इथं एक जण माझ्यापेक्षा चांगलं देईल. कुंभारवाडा, आहात का?

कुंभारवाडा

आहे, आहे. हात मातीत होते.

खवले कोणी मोजत नाही हो. चितारी अंगभर जाळी टाकतो, किंवा कुंचल्यानं चंद्रकोरी ओढत जातो, जागा संपली की खवले संपले. पाठीच्या वळणावर रांगा दाट होतात, पोटाकडे विरतात. भांड्याचा आकार बदलला की संख्या बदलली. नखांचं मात्र तसं नाही. ती पाचच, आणि सुटी सुटी दिसली पाहिजेत.

हे कशावर काढतात तेही सांगतो, म्हणजे नखाची किंमत कळेल. झिलईखालचं निळं काम कच्च्या, फक्त वाळलेल्या भांड्यावर होतं. कोबाल्टची पूड पाण्यात कालवलेली. कुंचला टेकला रे टेकला की माती पाणी ओढून घेते, रेघ तिथंच बसते. खोडरबर नाही. चुकलं तर खरवडा, आणि खरवडल्यावर पृष्ठभाग बिघडतो तो बिघडतोच. शिवाय त्या वेळी रंग निळा दिसतच नाही, मळकट काळा-करडा दिसतो. त्याच्यावर झिलई चढते आणि चित्र झाकलं जातं. निळं काय झालं ते भट्टी उघडल्यावर कळणार. नखाची रेघ म्हणजे एक आकडी: टेकव, दाब, वळव, उचल. टोक बारीक निघालं पाहिजे. हात थबकला की तिथं डाग.

तुम्ही म्हणता त्या श्वेनदेच्या कामात कोबाल्ट बाहेरून आलेला, लोखंड जास्त असलेला. रेघ जिथं जाड झाली तिथं काळपट ठिपके झिलईत बुडालेले दिसतात. पुढच्या शतकांत नकला करणाऱ्यांनी कुंचल्यानं मुद्दाम ठिपके देऊन तो परिणाम आणायचा प्रयत्न केला. बघणाऱ्याला फरक कळतो. खरे ठिपके आत उतरलेले असतात, नकलेतले ओळीनं टिंबं दिल्यासारखे.

आणि एक. भांडं एका हातचं नसतं. सतराव्या शतकात लिहून ठेवलंय की जिंगडेझेनला, म्हणजे जिथं ही दरबारी भांडी होत त्या कुंभारांच्या गावी, एक पेला ७२ हातांखालून जातो. बाह्यरेषा काढणारा वेगळा, आत रंग भरणारा वेगळा. ड्रॅगन 'काढणारा' असा एक कलाकार शोधू नका.

चिंचेचं_बन

'टेकव, दाब, वळव, उचल' हे फार आवडलं. रंगांचं राहिलंय!

रांजणखळगा

ताई, आलोच. चिंग दरबाराच्या (१६४४ ते १९११) अंतःपुराच्या नियमांत कोणत्या दर्जाच्या बाईला कोणती चिनी मातीची भांडी, हे ठरवून दिलेलं आहे. राजमाता आणि पट्टराणी यांना आतून-बाहेरून पिवळी. त्यांच्या खालच्या सर्वोच्च दर्जाच्या राणीला बाहेरून पिवळी, आतून पांढरी. पुढच्या दोन पायऱ्यांना पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन. त्याखाली निळ्यावर पिवळा ड्रॅगन. मग हिरव्यावर जांभळा. आणखी खाली पाचरंगी कामात लाल ड्रॅगन.

यात गंमत अशी की पिवळ्यांच्या खालच्या सगळ्या पायऱ्यांवर ड्रॅगन आहे, पण उतरंड सांगतोय तो त्याचा आणि जमिनीचा रंग. ताटात काय वाढलंय ते नंतर, आधी वाडग्याचा रंग बघून समजायचं आपण कुठे बसलोय. एखादीला बढती मिळाली की वाडगे बदलणार. आता अशा ठिकाणी नखं मोजून काय हाती लागणार सांगा? आज लिलावात 'पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन' असा वाडगा येतो तेव्हा ते एका दर्जाच्या मानाचं पान असतं.

तिसरी_घंटा

म्हणजे सासू-सून दोघी एकाच पिवळ्यात. तिथंच ठिणगी पडत असणार.

शाईदौत

:) मान्य, हे वाटप जबरदस्त आहे. पण सगळेच ड्रॅगन असे छाती काढून मिरवत नाहीत. योंगले सम्राटाच्या काळातली (१४०३ ते १४२४) पांढरी भांडी घ्या. वरवर कोरी करकरीत. उजेडासमोर धरली की कायेत कोरलेला ड्रॅगन दिसतो, भांडं ठेवलं की गायब. हा कोणाला दाखवायचा दर्जा?

रांजणखळगा

चांगला पेच टाकलात. त्या नक्षीचं नावच 'गुप्त नक्षी'. मला वाटतं तो भांडं हातात धरण्याचा हक्क असलेल्यासाठी आहे. दुरून बघणाऱ्या चाकराला पांढरा वाडगाच दिसणार. तरी कबूल करायला हवं की इथं निव्वळ डोळ्यांचा आनंद जास्त आहे, माझ्या सिद्धांताची ताकद कमी.

हिशेबनीस

हे सगळं करायला खर्च केवढा आणि सोसलं कोणी? जिंगडेझेन बीजिंगपासून बरंच दक्षिणेला ना?

रांजणखळगा

ज्यांग्शी प्रांतात. आणि सोसलं कुंभारांनी. धाग्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, म्हणून जरा लांबण लावतो.

छोट्या वाडग्यावर ड्रॅगन काढणं निभतं. कठीण काम 'ड्रॅगनच्या रांजणांचं'. माणूस दोन्ही हातांनी कवळ घालेल एवढे पोर्सलीनचे रांजण, भोवती निळे ड्रॅगन. एवढी जाड भिंत सारखी वाळत नाही, भट्टीत सारखी तापत नाही. बूड बसतं, कूस चिरते.

१४४१ मध्ये बीजिंगच्या राजवाड्यातले आगीत गेलेले मुख्य महाल पुन्हा उभे राहिले. त्यांच्यासाठी पांढऱ्यावर निळ्या ड्रॅगनचे रांजण मागवले. मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की वांग झेन या खोजानं त्यांत भेग आहे असं म्हणत शाही पहाऱ्याचा अधिकारी पाठवून भट्टीवरच्या देखरेखवाल्याला फटके मारवले, आणि नवे करून घ्यायला दुसरा खोजा धाडला. पुढे १९८० च्या दशकात जिंगडेझेनच्या जुन्या शाही भट्टीच्या जागी, झूशान टेकडीपाशी, ल्यू शिनयुआन या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. तेव्हा त्या काळातल्या भल्यामोठ्या ड्रॅगन-रांजणांची खापरं सापडली आणि जोडून रांजण उभे करता आले. दरबाराला नको असलेला माल बाजारात जाऊ द्यायचा नाही, फोडून तिथंच पुरायचा, ही पद्धत. बारीक डागासाठीसुद्धा. वाटपाचा माल आहे, वाटपाबाहेर जाता कामा नये.

दुसरी गोष्ट वानली सम्राटाच्या वेळची. खाणी आणि करांसाठी त्यानं देशभर खोजे सोडले होते. जिंगडेझेनला पान श्यांग. पुन्हा रांजणांची मागणी, पुन्हा भट्टीमागून भट्टी फुकट, पुन्हा मारहाण. १५९९ मध्ये टोंग बिन नावाच्या कुंभारानं पेटत्या भट्टीत उडी घेतली. लोक सांगतात की त्यानंतर भट्टी उघडली तर रांजण अखंड निघाले. ते खरं मानायची गरज नाही. त्याच्या मागोमाग काही वर्षांतच तिथं दंगल होऊन पान श्यांगच्या ताब्यातल्या शाही भट्टीला आग लावली गेली, एवढं पुरे. टोंग बिनचा देव झाला, 'वारा आणि विस्तवाचा देव'. चिंग काळात भट्ट्यांचा प्रमुख होऊन आलेला टांग यिंग हा अधिकारी कामाचा जाणकार, कुंभारांत मिसळणारा. वानलीच्या वेळचा एक बिघडलेला रांजण त्याला तिथं बेवारस पडलेला दिसला. त्यानं तो उचलून टोंग बिनच्या देवळापाशी मांडून घेतला आणि त्यावर एक टिपण लिहिलं.

आता वानलीचं ऐका. बीजिंगबाहेर त्याची कबर, डिंगलिंग, १९५६ ते १९५८ च्या दरम्यान उत्खनन करून उघडली. आत दगडी सिंहासनांपुढे निळ्या ड्रॅगनचे मोठे रांजण निघाले, तेल भरून वात लावलेले, अखंड दिव्यासाठी. कबर बंद झाली, आतली हवा संपली, दिवे विझले, तेल उरलं. त्या रांजणांवर शिक्का वानलीचा नाही, त्याच्या आजोबांचा, ज्याजिंग सम्राटाचा आहे. ज्या रांजणांपायी त्याच्या राज्यात एवढा कहर झाला, ते कबरीत ठेवायला मात्र जुनेच निघाले.

तिसरी_घंटा

बाप रे. आधीचा विनोद मागे घेतो.

कुंभारवाडा

मोठं भांडं फुटतं तेव्हा बहुतेक वेळा दोष वाळवण्यातला असतो. वरून घाई आली की वाळवणीत काटछाट होते. फटके मारून चिकणमाती लवकर सुकत नाही, एवढं त्या खोजांना कोण सांगणार.

कोकणकडा

अवांतर: जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमठाच्या उत्खननात चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांची खापरं भरपूर निघाली आहेत. त्यांवर असला ड्रॅगन असू शकतो का?

रांजणखळगा

ड्रॅगन असू शकतो. दरबारी ड्रॅगन असण्याची शक्यता फार कमी. पोर्तुगीज जहाजांतून यायचा तो विक्रीसाठी केलेला माल, खाजगी भट्ट्यांचा. शहर तेच, कुंभारही पुष्कळदा तेच, गिऱ्हाईक वेगळं. मिंगच्या उत्तरार्धात शाही भट्टीला झेपेना तेव्हा दरबाराचं कामही खाजगी भट्ट्यांकडे जायला लागलं, त्यामुळे दोन्हींतली भिंत आपण समजतो तेवढी उंच नव्हती.

पानगळ

आमच्याकडे आजोबांनी हाँगकाँगहून आणलेली फुलदाणी आहे. पाच नखं मोजली. खाली सहा चिनी अक्षरं, एका ओळखीच्यांनी 'श्वेनदे' वाचून दाखवलं. घराचं कर्ज फिटेल का? ;)

रांजणखळगा

फुलं ठेवा त्यात, छान दिसतील. :) श्वेनदेचा शिक्का पाचशे वर्षं लोक मारत आलेत. कधी फसवायला, कधी जुन्यांना मान म्हणून. खांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) तर जुन्या मिंग सम्राटांचे शिक्के सर्रास मारले जात. राजवट गेल्यावर पाच नखांवर बंदी घालणारं कोणी उरलं नाही, मग काय, दुकानातल्या चहाच्या कपावरही पाच. नख दर्जा सांगतं, तेही दर्जा पाळला जात होता तोवर. वय सांगत नाही.

वयासाठी तोंड बघा. युआनचा ड्रॅगन लहान डोक्याचा, सापासारख्या बारीक मानेचा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा अंगानं भरलेला, आयाळ उडतेय, डोळ्यांत जरब. सोळाव्या शतकात वरचा जबडा लांबतो, चेहरा समोर वळवून बघणारे ड्रॅगन वाढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खवले नीटनेटके पण अंगात जीव नाही, थकलेल्या कारकुनासारखा.

शाईदौत

पुन्हा मंत्रालय!

गिरगावकर

डेव्हिड व्हाझेसमधला डेव्हिड म्हणजे मुंबईचे सर ससून डेव्हिड यांच्यापैकी का?

रांजणखळगा

त्यांचाच मुलगा. पर्सिव्हल डेव्हिड, जन्म १८९२, मुंबई. वडील गिरणीमालक, १९०६ मध्ये बँक ऑफ इंडिया निघाली तेव्हाचे पहिले अध्यक्ष. पर्सिव्हलनं चिनी भांड्यांचा ध्यास घेतला, चिनी शिकला, आणि सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह केला. तो आधी लंडनला त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानात होता, २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलाय, आणि २०२४ मध्ये कायमचा त्यांना देऊन टाकल्याचं जाहीर झालं. फुलदाण्यांच्या जोडीची ताटातूट झालेली होती. दोन वेगवेगळ्या संग्राहकांकडून घेऊन त्यानं ती पुन्हा जुळवली. त्यांतल्या एकाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. गव्हर्नर नव्हे हो, ते १८५९ मध्येच वारले. हे नंतरचे. मानेवरच्या लेखातलं तिसरं भांडं, ते धूपदान, मात्र मिळालेलं नाही.

गिरगावकर

वा! लंडन काही जमत नाही. मुंबईत बघायला काय आहे?

कुंभारवाडा

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या संग्रहात चिनी भांडी आहेत. रविवार सोडून जा. दर्शनी बाजूचा ड्रॅगन सगळेच बघतात. पाठीमागे वळलेल्या शेपटीजवळचा पंजा बघा. तिथं कुंचला कंटाळलाय की नाही ते कळतं. त्यासाठी कपाटाच्या कडेला जाऊन वाकावं लागतं. पहारेकरी हटकतो, हटकू दे.